नवीन पुलाला कर्ज मिळतं, मग जुन्या मोरीला का नाही मिळत?

गिरणाकाठ:

राम राम मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळून राहिलं म्हणून आज सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव गिरणेच्या पट्ट्यात, कालव्याच्या चारीच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. गावातून शिवारात जायला चारीवर एक दगडी मोरी आहे, माझ्या आजोबांच्या आधीची. तीन वर्षांपूर्वी तिच्या एका बाजूचे दोन दगड निसटले आणि तेव्हापासून तिथं भगदाड आहे. चारीच्या अस्तरीकरणाला पण तिथूनच खाली तडा गेलेला, माझा हात कोपरापर्यंत आत जातो एवढा. प्रत्येक आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीच्या, आधी आम्ही आठ-दहा जण मिळून मातीची पोती आणि पऱ्हाट्यांच्या पेंढ्या कोंबतो, वरून पाय देऊन दाबतो, पाणी सुटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं वाहून गेलेलं असतं. ते पाणी बाजूच्या वावरात पाझरतं, त्या शेतकऱ्याचा कांदा सडतो, आणि टेलला आमच्या मक्याला पाणी पोचतच नाही. म्हणजे त्याचंही नुकसान आमचंही नुकसान. कापूस वेचणीच्या दिवसात भरलेली ट्रॉली मोरीवर आली की एक माणूस खाली उतरून चाकाकडे बघत उभा राहतो, ड्रायव्हरला हातानं खुणा करत.

ऑफिसला चकरा मारून झाल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर, अंदाजपत्रक तयार आहे, निधी नाही. आणि त्याच तीन वर्षांत गावात नवीन सभामंडप झाला, नवीन काँक्रीट रस्ता झाला. चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पण नवीन करायला पैसा आहे आणि आहे ते टिकवायला नाही हे काही केल्या पटत नाही.

आता मुद्दा. २०२१ मध्ये केंद्राने पायाभूत सुविधांसाठी वेगळी राष्ट्रीय बँक काढली, नॅबफिड, २०,००० कोटी भांडवल टाकलं असं वाचलं होतं. मग अशी सरकारी बँक दुरुस्तीला कर्ज का देत नाही? स्वस्त व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज घेऊन राज्यातल्या सगळ्या पडायला आलेल्या मोऱ्या, चाऱ्या, पूल एकदाच नीट करून टाकायचे, आणि फेडायचं हळूहळू. यात नेमकं कुठं अडतं? जाणकारांनी सांगा, अगदी बेसिकपासून सांगितलं तरी चालेल.

बँकवाली ताई, धुळे:

गिरणाकाठ दादा, मी एका बँकेत कर्ज विभागात आहे, जमेल तसं सांगते.

आधी हे बघा की अशी वेगळी बँक लागतेच का. तुम्ही बँकेत तीन वर्षांची एफडी ठेवता. तोच पैसा बँकेने पुलासाठी वीस वर्षांकरता दिला तर तीन वर्षांनी तुम्ही परत मागाल तेव्हा आणायचा कुठून? म्हणून साध्या बँका लांब मुदतीला कचरतात. आपल्याकडे यासाठी पूर्वी खास संस्था होत्याच, आयएफसीआय १९४८ ची, आयसीआयसीआय १९५५ ची, आयडीबीआय १९६४ ची. त्यांना रिझर्व्ह बँकेकडून आणि सरकारकडून स्वस्त पैसा यायचा. १९९१ नंतरच्या सुधारणांत ते झरे आटत गेले, आयसीआयसीआय २००२ मध्ये साध्या बँकेत विलीन झाली, आयडीबीआय २००४ मध्ये बँक झाली. मधली जागा रिकामी राहिली. ती भरायला नॅबफिड. ही बँक ठेवी घेत नाही, रोखे काढते, म्हणजे ठरलेल्या व्याजाने बाजारातून लांब मुदतीची उसनवारी करते, आणि ते रोखे विमा कंपन्या, पेन्शन फंड असे लोक घेतात ज्यांना पैसा पंधरा-वीस वर्षं गुंतवायचाच असतो. २०२३ च्या जूनमध्ये तिने पहिल्यांदा १० वर्षांचे रोखे काढले तेव्हा ७.४३ टक्क्यांनी १०,००० कोटी उभे केले. अर्थसंकल्पात तीन वर्षांत पाच लाख कोटींच्या कर्जवाटपाचं उद्दिष्ट सांगितलं होतं, म्हणजे भांडवलाच्या कितीतरी पट.

पण आता अडतं कुठं ते. कर्ज देणारा पहिला प्रश्न विचारतो, फेडणार कशातून? टोल रस्ता, वीज प्रकल्प, बंदर यांना उत्पन्न आहे. अमेरिकेत १९३२ साली मंदीच्या काळात सरकारी फायनान्स कॉर्पोरेशन काढलं होतं, त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजला पैसा दिला आणि तो टोलमधून फिटला. तुमच्या मोरीवर टोल बसवणार का? नाही. तिचं उत्पन्न म्हणजे तुमचा वाचलेला मका आणि शेजाऱ्याचा न सडलेला कांदा, पण ते बँकेच्या वहीत कुठेच येत नाही.

म्हणून खेड्यातल्या अशा कामांना कर्ज राज्य सरकारच्या नावावर जातं. त्यासाठी नाबार्डचा, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचा, ग्रामीण पायाभूत विकास निधी आहे, आरआयडीएफ, १९९५-९६ मध्ये २,००० कोटींपासून सुरू झाला. ज्या व्यापारी बँका शेतीला आणि प्राधान्य क्षेत्राला ठरल्याइतकं कर्ज देत नाहीत त्यांची उरलेली रक्कम तिथं जमा होते, आणि नाबार्ड ती राज्यांना रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा दीड टक्का कमी व्याजाने देतं. सात वर्षांत फेड, पहिली दोन वर्षं फक्त व्याज. पाटबंधारे, ग्रामीण रस्ते, पूल सगळं त्यात बसतं. पण त्याचा जन्मच अर्धवट राहिलेली कामं पुरी करायला झाला. भर बांधकामावर आहे, देखभालीवर नाही.

तापीकाठ_शहादा:

खरं शे भाऊ तुन्हं. आम्हना गावमा बी हाईच शे.

बाकीच्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. आमच्याकडची निम्मी तरुण पोरं सुरत-बडोद्याला कामाला. ९ जुलै २०२५ ला गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल पडला तेव्हा त्या दिवशी गावात प्रत्येक घरातून फोन चालू होते, आपला कोणी त्या रस्त्याने तर नव्हता ना. तो पूल १९८५ चा, चाळीस वर्षांचा. वीसच्या वर माणसं गेली. त्याच्या तीन आठवडे आधीच पुण्याजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला होता. आणि महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या बसेससकट वाहून गेला ते तर कोणी विसरणार नाही. पूल पडल्यावर नवीन पुलाला पैसा लगेच मंजूर होतो. तोच पैसा आधी कुठं असतो?

पांझराकाठ:

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालो, आता धुळ्याला असतो. या पोराची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून नातवाकडून टाइप करून घेतोय.

ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे पण खरी मेख हिशेबाच्या पद्धतीत आहे. सरकारी हिशेबात नवीन पूल हा भांडवली खर्च, त्यासाठी कर्ज काढता येतं. जुन्या पुलाची दुरुस्ती हा महसुली खर्च, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज यांच्याच पंगतीत बसतो. महसुलात ओढाताण झाली की पगार थांबवता येत नाही, पेन्शन थांबवता येत नाही, व्याज थांबवता येत नाही. मग कात्री कुणावर? देखभालीवर. मी नोकरीत होतो तेव्हा एप्रिलमध्ये मागितलेला देखभालीचा पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यायचा, तोही निम्मा, आणि चार दिवसांत खर्च करा म्हणायचे. त्या चार दिवसांत चारी कोरडी आहे की भरलेली हे कोण बघतं.

तडा छोटा असतो तेव्हा सिमेंटच्या चार गोण्यांत काम होतं. तो पाच वर्षं तसाच राहिला की आतली माती वाहते, पोकळी होते, अस्तर बसतं, आणि मग ती मोरी दुरुस्ती राहत नाही, पुनर्बांधणी होते. पुनर्बांधणी भांडवली खर्चात बसते! म्हणजे आपली पद्धत अशी की काम पुरतं बिघडेपर्यंत थांबलात तर कर्ज मिळेल. हे मी तीस वर्षं डोळ्यांनी बघितलं आणि दर वेळी जीव तुटला.

आपल्या खानदेशात हे पूर्वी असं नव्हतं. पांझरेवरची फड पद्धत ऐकली असेल, तीनशे-चारशे वर्षं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि खाली फड, म्हणजे शेतांचे मोठे गट. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, यांचं मानधन लाभधारकच द्यायचे. आणि वर्षाला पाटाचा गाळ काढायचा, बंधाऱ्याच्या सांध्यांत चुना भरायचा हे काम पण लाभधारकांचंच, ज्याची जेवढी जमीन त्याचा तेवढा वाटा. दुरुस्ती हा वेगळा खर्च नव्हताच, पाणी घ्यायचं तर ती करायचीच. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले आणि सुरुवातीलाच आपल्या धुळ्याकडे पांझरेच्या पाटासाठी सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारी नळी, बांधला, त्या काळात त्यांनी ही पद्धत जवळून बघितली असणार.

तेव्हा बँक काढा, जरूर काढा. पण बँकेने पैसा देताना विचारलं पाहिजे की पुढची वीस वर्षं याची निगा कोण राखणार आणि त्याचा पैसा कुठल्या खात्यात बाजूला काढून ठेवलाय.

केळीबाग_जळगाव:

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. कर्ज म्हटलं की आम्हा जळगावकरांच्या पोटात गोळा येतो. आमच्या पालिकेने हुडकोचं, म्हणजे घरबांधणीला कर्ज देणाऱ्या केंद्राच्या कंपनीचं, कर्ज काढलं होतं, घरकुलं आणि बाकीच्या योजनांसाठी. पुढं काय झालं ते अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्या हप्त्यांपायी वर्षानुवर्षं गावातल्या साध्या रस्त्यांना, गटारींना पैसा उरत नव्हता. मी त्याच खड्ड्यांतून मुलीला स्कूटीवर शाळेत सोडलंय, पावसाळ्यात एका हाताने तिला धरून. तिचं आता लग्न झालं. हुडको पण सरकारीच कंपनी होती ना? मग बँक सरकारी असल्याने काय फरक पडला? पैसा आला, खर्च झाला, आणि फेडताना मात्र आम्ही सामान्य माणसं.

मला विचाराल तर दुरुस्ती कर्जातून नकोच. ती दर वर्षीच्या घरपट्टीतून, पाणीपट्टीतून, बजेटमधूनच व्हायला पाहिजे. घराला चुना मारायला कोणी होम लोन काढतं का?

गिरणाकाठ:

केळीबाग ताई तुमचा मुद्दा अगदी लागला. पण एक सांगा, घराला चुना मारायला लोन काढत नाही हे खरं, पण वीस वर्षं चुनाच मारला नाही आणि आता भिंत फुगली तर? तेव्हा एकदम दोन-तीन लाख कुठून आणायचे? माझ्या मते आपलं आता तेच झालंय, वर्षाच्या बजेटमधून होण्यासारखं राहिलेलं नाही. बँकवाली ताई आणि काका, तुम्ही सांगा मी चुकतोय का.

बँकवाली ताई, धुळे:

दोघंही बरोबर आहात, फक्त दोन वेगळ्या खर्चांबद्दल बोलताय. रोजची निगा, म्हणजे गाळ काढणं, झुडपं तोडणं, सांधे भरणं, ही चालू उत्पन्नातूनच झाली पाहिजे, त्याला कर्ज काढणं चुकीचं. पण वीस वर्षांचा साठलेला अनुशेष, म्हणजे फुगलेली भिंत, तो एका वर्षाच्या बजेटमध्ये बसतच नाही. आणि ते काम एकदा नीट झालं तर पुढं पंचवीस-तीस वर्षं टिकतं, मग त्याचा भार पण तेवढ्या वर्षांवर पसरायला हवा. इथं सरकारी बँक कामाची आहे.

मुदतीने काय फरक पडतो ते आकड्यात बघा. १ कोटीचं काम, ७.५ टक्के व्याज, वर्षाला एक समान हप्ता. ७ वर्षांत फेडायचं तर वर्षाला साधारण १८.९ लाख. २० वर्षांत फेडायचं तर वर्षाला साधारण ९.८ लाख. हप्ता जवळपास निम्मा होतो. अर्थात फुकट नाही, ७ वर्षांत एकूण १ कोटी ३२ लाख जातात आणि २० वर्षांत १ कोटी ९६ लाख. म्हणून व्याजाचा दर कमी असणं फार महत्त्वाचं, आणि तेच सरकारी बँकेचं काम. जर्मनीची केएफडब्ल्यू बघा, १९४८ मध्ये युद्धात पडझड झालेला देश उभा करायला अमेरिकेच्या मार्शल प्लॅन मदतीच्या पैशातून सुरू झाली, ८० टक्के मालकी केंद्राची, २० टक्के राज्यांची. फेडीचा पैसा परत आला की तोच पुन्हा कर्जाने द्यायचा. आणि तिच्या रोख्यांमागे सरकारची हमी, त्यामुळे तिला पैसाच स्वस्त मिळतो. अमेरिकेत पण आता पाच ट्रिलियन डॉलरची राष्ट्रीय पायाभूत बँक काढा म्हणून त्यांच्या संसदेत पुन्हा पुन्हा विधेयक येतंय, त्यांचेही पूल जुने झालेत. आपल्या नॅबफिडच्या कायद्यात मात्र सरकारने किमान २६ टक्के हिस्सा ठेवला तरी चालेल असं आहे, आज पूर्ण सरकारी आहे पण उद्या खासगी भागीदार आले तर ते नफा बघणार, मोरी नाही बघणार. हे मला खटकतं.

हुडकोबद्दल ताई, कर्ज सरकारीच होतं, खरंय. पण कर्ज पैशाने बुडत नाही हो, फेडीचा मार्ग न ठरवता काढलं की बुडतं. मी फायली बघते म्हणून सांगते, ज्या फाईलमध्ये परतफेडीचं पान कोरं असतं तिथं नंतर रडारड होतेच.

अजून एक, बँकेने देऊ म्हटलं तरी राज्याला हवं तेवढं कर्ज घेता येत नाही. केंद्राचं देणं बाकी असेल तर घटनेच्या कलम २९३ प्रमाणे नवीन कर्जाला केंद्राची संमती लागते आणि वर्षाची मर्यादा असते. त्या मर्यादेत मोरी आणि मेट्रो एकाच रांगेत उभ्या राहतात. मोरी कायम मागे.

पांझराकाठ:

ताईंचं अनुशेष आणि निगा वेगळं करणं मला पटलं. त्याच्यात एक भर घालतो. प्रधानमंत्री ग्रामसडकच्या रस्त्यांना एक चांगली अट आहे, ज्या ठेकेदाराने रस्ता बांधला त्यानेच पाच वर्षं देखभाल करायची, ते कंत्राटातच असतं. गावाच्या तोंडाशी बोर्ड असतो ना, त्यावर देखभालीची तारीख लिहिलेली असते, जाऊन वाचा आणि ठेकेदाराला धरा. हीच अट चारीच्या, मोरीच्या दुरुस्तीच्या कर्जाला लावली पाहिजे.

आणि गिरणाकाठ बाळा, तुझ्या एकट्या मोरीला कुठलीच बँक कर्ज देणार नाही. दोन-चार लाखांच्या कामाचा प्रस्ताव मुंबईला कोण नेणार. पण मोठ्या प्रकल्पात कर्ज मिळतं हे आपण बघितलंय. २०१६-१७ मध्ये नाबार्डमध्ये दीर्घ मुदतीचा सिंचन निधी केला तेव्हा देशातले ९९ रखडलेले प्रकल्प घेतले, त्यात आपल्याकडचा वाघूर होता आणि निम्न पांझरा म्हणजे अक्कलपाडा पण होता. ते बसले कारण ते यादीत प्रकल्प म्हणून होते. तेव्हा तुमची पूर्ण वितरिका, म्हणजे चाऱ्यांना पाणी देणारा फाटा, धरा, सुरुवातीच्या हेडपासून टेलपर्यंत. तिच्यावरच्या सगळ्या मोऱ्या, सगळी गेटं, सगळे तडे एका कागदावर आणा. पाणीवापर संस्था आहे का तुमच्याकडे? २००५ च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून घ्यायचा हक्क आहे. हेडला किती सोडलं आणि टेलला किती पोचलं हे तीन आवर्तनं लिहून ठेवलंत तर मधली गळती हाच तुमचा पुरावा. वाचणारं पाणी गुणिले पाणीपट्टी, हे ताईंच्या फाईलमधलं परतफेडीचं पान. सगळं भरणार नाही त्याने, पण कोरं तरी राहणार नाही.

केळीबाग_जळगाव:

काका, असं मोजून-मापून, फेडीचा मार्ग ठरवून, आणि पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही अशी अट घालून असेल तर माझा विरोध नाही. फक्त ते सगळं ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, किती घेतलं, कितीने घेतलं, कधी फिटणार. आम्हाला ते कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

तापीकाठ_शहादा:

तोवर त्या मोरीच्या दोन्ही अंगाला चुन्याने पांढरे पट्टे मारा आणि भरलेली ट्रॉली बंद करा भाऊ. बँकेचं व्हायचं तेव्हा होईल. वित्त आयोगाच्या पैशात काही भाग अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येण्यासारखा असतो, त्यातून निदान कठडा बसतो का सरपंचांना विचार.

गिरणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टे कालच मारले, भावाने आणि मी. ट्रॉली आता अर्धी भरूनच नेतोय, दोन खेपा पडतात पण चालेल.

संस्था आहे आमच्याकडे, कागदावर आहे, तीन वर्षांत मीटिंग झालेली नाही. चेअरमन आबांना काल रात्री भेटलो, आधी नाही म्हणाले, मग काकांची पोस्ट वाचून दाखवली तर गप्प बसले आणि म्हणाले रविवारी बोलवू सगळ्यांना. वरच्या दोन गावांतली पण माणसं येणार आहेत, कारण गळती त्यांच्या हद्दीत आहे आणि तहान आमच्या. सोमवारी सकाळी चारी कोरडी आहे तोवर हेडपासून चालत निघणार, प्रत्येक मोरीचा, प्रत्येक तड्याचा फोटो आणि माप. काका, तडा मोजताना फक्त लांबी-रुंदी घ्यायची की खोली पण? आणि ३० मीटरचा टेप पुरेल ना?

पांझराकाठ:

खोली पण घे, सळई घालून. सळईवर खडूने खूण कर आणि मग टेप लाव. टेप ३० चा चालेल. मोरीच्या खाली वाकून कमानीचा मधला दगड बघ, तो सरकलेला असेल तर त्याचा वेगळा फोटो काढ आणि मला आधी तो पाठव.